कलावतीचा प्रसाद आणि दिवाळी अंक

सत्यनारायणाच्या पोथीतली कलावती ही मराठी घरांत सर्वांत जास्त वेळा ऐकली गेलेली नायिका असावी. साधुवाण्याची ही मुलगी. बाप आणि नवरा व्यापाराला परगावी गेलेले, तिथे चोरीच्या खोट्या आळापायी तुरुंगात पडलेले. इकडे घरात अन्नाची ददात. एके रात्री ती भुकेली बाहेर पडते, एका ब्राह्मणाच्या घरी पूजा चाललेली पाहते, प्रसाद घेते आणि उशिरा परतते. आई विचारते, एवढ्या रात्री कुठं होतीस, मनात आहे तरी काय तुझ्या? वयात आलेल्या मुलीच्या आईच्या पोटात उठणारी शंकाच ही. कलावतीचं उत्तर एकच, की पूजा होती, प्रसाद घेतला. तेवढ्यावर शंका मिटते. पुढच्या अध्यायात तीच कलावती नवऱ्याचं गलबत किनाऱ्याला लागल्याचं ऐकून पूजा उरकते, प्रसाद तसाच टाकून धावत सुटते, आणि गलबत नवऱ्यासकट दिसेनासं होतं. ती घरी परतून प्रसाद खाते तेव्हा कुठे नवरा परत मिळतो. म्हणजे विरह, तुरुंग, समुद्र, पुनर्भेट असा प्रेमकथेचा सगळा ऐवज इथे आहे आणि त्या सगळ्याची किल्ली सव्वा मापाच्या शिऱ्यात ठेवलेली आहे. रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा, वर केळं आणि दूध. ही कथा स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून सांगितली जाते. बंगालातल्या सत्यपीराशी असलेलं तिचं नातंही अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. माझा रोख मात्र तिच्या रचनेकडे आहे. आपल्याकडे प्रेमाची गोष्ट ऐकायला मुभा लागते आणि ती मुभा गोडाच्या वाटीतून मिळते, ही समजूत या पोथीत पक्की बसलेली आहे.

दिवाळी अंक आणि फराळ ही जोडी याच समजुतीची अलीकडची आवृत्ती आहे, असं मला म्हणायचं आहे. तिचा नेहमीचा खुलासा फार सोपा केला जातो: सुट्टी असते, हातात वेळ असतो, डब्यात चकली असते, मग माणूस वाचतो. पण सुट्टी उन्हाळ्याचीही असते आणि आंबाही तेव्हाच असतो. तरी उन्हाळी अंक नावाचा सण काही मराठीत रुजला नाही. त्यामुळे वेळ आणि खाऊ यांच्यापलीकडे आणखी काहीतरी शोधावं लागतं.

ते शोधायचं तर छापील कादंबरीच्याही मागे जावं लागेल. एकनाथांनी 1571 मध्ये काशीला ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केलं. ज्या मुलीचं लग्न जमत नाही तिने त्याचं पारायण करावं, अशी चाल नंतर पडली आणि ती अजून मोडलेली नाही. आता ही गोष्ट आहे कशाची? घरच्यांनी ठरवलेलं स्थळ नाकारून, आवडलेल्या पुरुषाला गुपचूप पत्र पाठवून, त्याच्या रथात बसून निघून जाणाऱ्या मुलीची. तीच गोष्ट वडीलधारी मंडळी घरातल्या उपवर मुलीच्या हातात देत, सोवळ्याने वाचायला लावत आणि शेवटी दूधसाखरेचा नैवेद्य दाखवत. एकाही आजोबांना त्यात वावगं वाटलं नाही. श्रीधराचा ‘हरिविजय’ आणि ‘शिवलीलामृत’ही असेच घरोघर वाचले जात, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अध्याय संपला की हातावर काहीतरी गोड. गोष्टीतल्या शृंगाराला भक्तीचं कुंपण होतं, हे खरं. पण ते कुंपण ऐकणाऱ्याला दिसायचं कशात, तर नैवेद्यात.

छापील कादंबरी आली ती या कुंपणाशिवाय. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. ताटातूट, संकटं, कारस्थानं आणि अखेरीस मीलन, असा त्यांचा घाट. कलावतीच्या गोष्टीहून तो फार वेगळा नव्हता. तरी या पुस्तकांना जी अढी सोसावी लागली ती पोथीला कधी सोसावी लागली नाही. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 1872 मध्ये ‘नावल व नाटक’ यांवर निबंध लिहिला, तोवर या प्रकाराची झाडाझडती घ्यावी असं शिकलेल्या मंडळींना वाटू लागलं होतं. आक्षेपाचा रोख असंभाव्यतेवर होता. घरात मात्र भीती वेगळी होती. नावल एकट्याने वाचायचं असतं. ते ओसरीवर मोठ्याने वाचलं जात नाही, त्याला आरंभी नमन नाही आणि शेवटी आरती नाही. वाचणाऱ्याच्या मनात काय चाललं आहे हे दुसऱ्याला कळायला मार्ग नाही. कलावतीच्या आईचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो आणि या वेळी दाखवायला प्रसाद नसतो.

हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ काढलं तेव्हा त्यांनी या अडचणीवर पहिला उतारा शोधला. नावातच निरुपद्रवीपणा, घरातल्या सर्वांनी वाचावं असा मजकूर, आणि त्यात क्रमशः आलेली ‘पण लक्षात कोण घेतो?’. तिची नायिका यमू, तिची गोष्ट सासर-माहेरची, दुःखाची. ती घरात खपून गेली. पण दुःखाच्या गोष्टीला मुभा मिळवणं तुलनेने सोपं असतं, कारण रडण्याला आपल्याकडे पुण्याचा दर्जा आहे. सुखाच्या, ओढीच्या, निव्वळ प्रेमाच्या गोष्टीचा प्रश्न तसाच राहिला होता.

तो सुटला सणाच्या आडोशाने. 1895 मध्ये ‘मनोरंजन’ सुरू करणारे काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याचे चाहते, आणि ‘मित्र’ हे आडनावही त्यांनी तिकडून घेतलेलं. 1909 मध्ये त्यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीतली ही प्रथा तिथून धरली जाते. त्याआधीही कोणी दिवाळीला जादा पानं दिली होती का, याचा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. चाल पडली ती या अंकामुळे. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1910 मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झालं. एक मित्र माजघरात कथा घेऊन आले, दुसरा स्वयंपाकघरात पाककृती घेऊन आला. हा योगायोगच, पण बोलका. छापलेला कागद तोवर कचेरीचा, शाळेचा नाहीतर देवाचा होता. आता तो घरधनिणीशी थेट बोलू लागला होता, आणि बोलण्याचे विषय दोन होते: काय करून खायचं आणि काय वाचायचं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मित्रांनी कल्पना उचलली ती इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांवरून. डिकन्सने 1843 च्या डिसेंबरात ‘अ ख्रिसमस कॅरल’ काढलं तेव्हापासून विलायतेत नाताळचं पुडिंग आणि नाताळची गोष्ट एका टेबलावर आलेली होती. मग यात पोथी-प्रसाद कुठून आणता? माझं उत्तर असं की साचा उसना होता हे कबूल, पण उसना साचा सगळीकडे रुजत नाही. इंग्रजी शिकलेले संपादक मद्रासेत होते, लाहोरात होते, कलकत्त्यात तर होतेच. बंगाल्यांनी आपल्या पूजेच्या अंकांची परंपरा उभी केली. गोष्ट आणि नैवेद्य यांची सांगड जिथे आधीच घातलेली होती अशा घरांत हा साचा फिट बसला. शिवाय डिकन्सच्या टेबलावरचं पुडिंग हे सहकुटुंब जेवणाचा शेवट आहे. आपला फराळ जेवणाचा भागच नाही, आणि सगळी गंमत तिथे आहे.

फराळ हा शब्द फलाहारावरून आला. उपासाला चालणारं ते फलाहाराचं, असा त्याचा मूळ अर्थ. उपासाचा शब्द चकलीला कसा लागला हे भाषेलाच ठाऊक. पण त्यातला एक धागा टिकला. फराळाचं खाणं पंगतीबाहेरचं. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी ही ताटातली पक्वान्नं. त्यांना पाट लागतो, वाढणारं माणूस लागतं, वेळ ठरलेली असते, आणि जेवून उठल्यावर हात धुवावे लागतात. लाडू, करंजी, शंकरपाळी, अनारसे, चिवडा यांना यातलं काही लागत नाही. तुपात भाजलेलं किंवा तेलातुपात तळलेलं असल्याने जुन्या घरांत ते भात-वरणासारखं खरकटं समजलं जात नसे. खरकट्या हाताने पोथीला शिवायचं नाही, पुस्तकालाही नाही, हा दंडक सगळ्या पांढरपेशा घरांत होता. म्हणजे हातात पुस्तक ठेवून तोंडात टाकता येईल असं घरचं गोड कोणतं, याचं उत्तर परंपरेनेच देऊन ठेवलेलं होतं. डब्याचं झाकण उघडायचं, एक शंकरपाळी उचलायची, झाकण लावायचं. कोणाला वाढायला सांगायला नको, कोणी पाहायला नको. कादंबरी हे एकट्याचं वाचन आणि फराळ हे एकट्याला करता येईल असं खाणं. मराठी घरात एकांताच्या या दोन परी दिवाळीच्या चार दिवसांत एकत्र नांदू लागल्या.

बरं, एकट्याने वाचणारी अशी होती तरी किती? 1911 च्या जनगणनेत हिंदुस्थानातल्या शंभर बायकांमागे साक्षर जेमतेम एक. हा आकडा समोर ठेवला की फराळाच्या डब्याशी अंक घेऊन बसलेली बाई हे चित्र पुष्कळसं कल्पनेतलं ठरतं. पण हाच आकडा माझ्या बाजूनेही बोलतो. जिथे शंभरात एकीला वाचता येतं, तिथे वाचन आपोआप मोठ्याने होतं, आणि ऐकणाऱ्या हाताने काहीतरी करत असतात. पोथीची बैठक आयती होतीच. तिच्यावर आता मासिक येऊन बसलं. पुढे मुलींच्या शाळा वाढल्या तशी ही बैठक मोडत गेली आणि वाचन खरोखर एकेकीचं झालं. 1920 मध्ये सुरू झालेलं ‘किर्लोस्कर’ (तेव्हाचं ‘किर्लोस्कर खबर’), 1930 चं ‘स्त्री’, 1934 चं ‘मनोहर’ यांचा वाचक हा दुसऱ्या टप्प्यातला. ना. सी. फडक्यांची ‘दौलत’ 1929 ची, खांडेकरांची ‘उल्का’ 1934 ची. विशेषतः फडक्यांच्या नायक-नायिकांना प्रेम करायला देवाधर्माचं निमित्त लागत नव्हतं. वाचणारीला मात्र अजून लागत होतं. फडक्यांची कादंबरी एरवी उशीखाली ठेवणाऱ्या घरात त्यांचीच कथा दिवाळी अंकातून आली की उघड्यावर, फराळाच्या ताटाशेजारी राहू शके. लेखक तोच आणि मजकुराची जातही तीच. बदलला होता फक्त शेजार.

या सगळ्यात एक गोष्ट मी अजून टाळली आहे. तो फराळ करत कोण होतं? अनारशांचंच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग निथळून फडक्यावर सावलीत पसरायचे, पुरते वाळू द्यायचे नाहीत, दमट असतानाच कुटायचे आणि बारीक चाळणीने चाळायचे. गूळ किंवा पिठीसाखर घालून त्याचे घट्ट गोळे करून डब्यात काही दिवस मुरत ठेवायचे. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. गूळ जरा जास्त झाला तर अनारसा कढईत पसरून फुटतो. त्याला बायका म्हणतात, अनारसा हसला. ज्या बाईने आठवडाभर हे केलं, शिवाय भाजणी भाजली, बेसन घोटलं, करंज्यांचा साटा फेसला, ती नरकचतुर्दशीच्या दुपारी प्रेमकथा वाचत पडली असेल? पडली असेल ती झोपायला. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण तो निम्मा खरा आहे. अंक आधी हातात पडला तो घरातल्या पुरुषांच्या आणि शाळकरी पोरांच्या. पण फराळाचा स्वभाव टिकाऊ आहे. तो आधी करून ठेवायचा असतो आणि एकदा डबे भरले की पुढचे पंधरा-वीस दिवस मधल्या वेळचं काय करू, पाहुणा आला तर समोर काय ठेवू, हा प्रश्न उरत नाही. वर्षातल्या एरवीच्या कुठल्याही पंधरवड्यात गृहिणीला ही सवलत नसते. अंकही शिळा होत नाही. भाऊबीज उलटली, तुळशीचं लग्न लागलं तरी तो चालतो. डब्याच्या तळाशी चिवड्याचा चुरा उरला असताना तिच्या वाट्याला अंक आला असणार, आणि तो तिने तिच्याच श्रमांनी मिळवलेल्या वेळात वाचला असणार. तिने केलेल्या फराळाने इतरांना वाचायची मुभा दिली, तशी उशिरा का होईना, तिलाही दिली.

आणखी एक हरकत वर्गाची. ही चैन पगारदारांची होती, हे निर्विवाद. मुंबईच्या गिरणी कामगारांना 1924 मध्ये बोनससाठी मोठा संप करावा लागला. त्या चाळींत अंक विकत घेण्याची गोष्ट दूरच. खेड्यात करंजी सणापुरती आणि तीही मोजून. पुढे वाचनालयांनी आणि फिरत्या ग्रंथालयांनी वर्गणीत दिवाळी अंक घरोघर फिरवायला सुरुवात केल्यावर ही वाट जरा रुंद झाली. अशा फिरून आलेल्या अंकाचा मधला फॉर्म उघडून पाहावा: पानाच्या कोपऱ्यावर तेलाचा पारदर्शक डाग, शिवणीत अडकलेली शेव. कथा कितपत रंगली याची ती पावती. त्यातही डाग दीर्घकथेच्या पानांवर दाट आणि परिसंवादाच्या पानांवर क्वचित. यावर गंभीर साहित्याचे कैवारी म्हणतील की ‘मौज’, ‘सत्यकथा’ यांचे दिवाळी अंक प्रेमकथांसाठी नव्हते, मराठी नवकथा आणि नवकविता तिथे वाढली. म्हणणं रास्त आहे. पण त्या अंकांनाही दिवाळीचा बाजार मिळाला तो ‘दीपावली’, ‘मोहिनी’, ‘मेनका’ यांच्या संगतीत. दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठावर काढलेल्या लावण्यवतीला पाहून स्टॉलशी थांबलेला माणूस कधीमधी दुसराही अंक उचलत असे.

मुभेची मर्यादा कुठवर, याचा निवाडा अखेर कोर्टात झाला. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ प्रसिद्ध झाली: कवी निशिकांत आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांची गोष्ट. भारतीय दंडविधानाच्या 292 व्या कलमाखाली अश्लीलतेचा खटला झाला. काकोडकरांच्या कादंबऱ्या एरवी वाचनालयांतून तडाखेबंद फिरत होत्या. खटल्यात चर्चा झाली ती हा मजकूर कोवळ्या वयाच्या वाचकांच्या हाती पडला तर काय, याची. दिवाळी अंक घरात उघडा पडतो, सगळ्यांच्या हाताला लागतो, हे त्या काळजीमागचं साधं कारण असणार. ज्या शेजाराने प्रेमकथेला घरात आणलं, तोच शेजार आता तिच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला. मॅजिस्ट्रेटने सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र लेखकाने केवळ किशोरवयीनांना डोळ्यांपुढे ठेवून लिहावं ही कसोटी मानली नाही. हा निकाल ऑगस्ट 1969 मध्ये लागला. उच्च न्यायालयाने काकोडकरांना केलेला दंड पंचवीस रुपये होता. तो रद्द झाला.